अधिसूचनेतील राहिलेले कलम

(हिवरखेड येथे कापूस उत्पादक शेतकरी व जिनिंग कामगार यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडसारख्या गावात आयात-निर्यात धोरणावर सभा भरावी, याचे काहींना नवल वाटेल. आयात ही मुंबईच्या, फार तर न्हावा-शेव्याच्या बंदरातील गोष्ट. तेल्हारा तालुक्यातल्या धुऱ्याशी आणि जिनाच्या अंगणाशी तिचा संबंध काय, असे विचारणारे विचारतील. त्यांना उत्तर देण्याचे काम १९ ऑगस्ट २०२५ या तारखेने केले आहे. त्या दिवसापासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क माफ केले. प्रारंभी ही माफी ३० सप्टेंबरपर्यंत होती. महिना उलटण्यापूर्वीच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने म्हणजे वऱ्हाडातला कापूस घरात आणि बाजारात येण्याचे महिने. नेमक्या त्याच महिन्यांत दार उघडे राहिले.

या निर्णयामागे कारण नव्हते असे नाही. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचे शुल्क पन्नास टक्क्यांपर्यंत नेले. तिरुपूरपासून अनेक ठिकाणच्या कपड्यांच्या कारखान्यांवर त्याचा आघात होणार हे उघड होते. कारखान्यांना कच्चा माल स्वस्तात मिळावा म्हणून कापसावरचे शुल्क काढले गेले. तिरुपूरच्या शिलाई यंत्रावर बसणाऱ्या मुलीची नोकरी टिकावी, असे हिवरखेडच्या शेतकऱ्यालाही वाटले पाहिजे, आणि ते वाटतेच. पण प्रश्न असा की, त्या मुलीची नोकरी टिकविण्याचा खर्च कोणी सोसावा, हे कोणी ठरविले? अधिसूचना निघाली, राजपत्रात छापली गेली, तिच्यात शुल्काचा दर होता आणि मुदतीची तारीख होती. ज्यांच्या पोटावर ती येणार होती त्यांच्यासाठी मात्र तिच्यात एक ओळही नव्हती. आजच्या विवेचनाचा विषय ते राहून गेलेले कलम हा आहे.

शेतकऱ्याच्या हानीची चर्चा निदान होते. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झालेला होता. खरेदी केंद्र उशिरा उघडो, ओलाव्याच्या नावाने माल परत जावो, तरी शेतकऱ्यापाशी भांडायला एक सरकारी आकडा असतो. जिनातल्या कामगारापाशी तोही नसतो. त्याच्या बेकारीला भाव नाही, आधारभाव तर नाहीच नाही.

जिनात काय घडते हे या सभेला सांगण्याची गरज नाही. परंतु दिल्लीत अधिसूचना लिहिणाऱ्यांना ते सांगण्याची गरज आहे. गाडीतून कापूस उतरतो, हमाल तो ढिगावर नेतात, बाया त्यातली कवडी आणि काडीकचरा निवडतात. मग तो रेच्यावर जातो. रुई एका बाजूला पडते, सरकी दुसऱ्या बाजूला. रुई दाबून तिची १७० किलोची गाठ बांधतात. सरकीचे तेल निघते आणि ढेप गोठ्यात जाते. अशा एका गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे एका गाठीत वेचणारणीची मजुरी आहे, गाडीवानाचे भाडे आहे, हमाली आहे, रेच्यावरचे काम आहे आणि तेलगिरणीचेही काम आहे. ब्राझील, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियातून जी गाठ येते, ती मात्र रेचा फिरून, दाबून, बांधूनच येते. ती बंदरावर उतरते आणि सरळ सूतगिरणीत जाते. वाटेत तिला एकाही वऱ्हाडी हाताची गरज पडत नाही. जिनात न आलेल्या कापसाबरोबर कामाचे किती दिवस गेले, हे कोणत्याही सरकारी दफ्तरात नोंदले जात नाही. हंगाम लवकर संपला, एवढेच गावात म्हटले जाते.

या कामगाराला कायद्याने कोठे उभे केले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. स्वतंत्र भारताने श्रमिकाला दिलेले ते मोठे आश्वासन होते. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत पहिलेच नाव कापूस जिनिंगचे आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली. तिनेही हंगामी कारखाने राज्य विम्याच्या बाहेरच ठेवले. औद्योगिक विवाद कायद्याने १९५३ पासून छाटणी झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देऊ केले. परंतु वर्ष पूर्ण झाले असे मानण्यासाठी बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले पाहिजे, ही अट घातली. ज्या जिनाचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा, त्यातल्या कामगाराने २४० दिवस आणायचे कोठून? वीस हंगाम एकाच जिनात काढलेली बाई कायद्याच्या हिशेबाने एक वर्षही कामावर नव्हती, असा याचा अर्थ होतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. जिनांतले काम आयातीमुळेच कमी झाले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेनंतर अनेक जिनांत नवी यंत्रे आली, कापूस वाहून नेणारे पट्टे आले, आणि पूर्वी डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या कित्येकींचे काम यंत्राकडे गेले. बोंडअळीने, अवकाळी पावसाने पीक बुडाले त्या वर्षी रेचे थांबले. व्यापाऱ्याने जिन विकून तेथे प्लॉट पाडले, असेही घडते. बेकारीची कारणे अशी एकमेकांत गुंतलेली असतात. ही गुंतागुंत पुढच्या युक्तिवादाशी संबंधित आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

परदेशी मालाने हातचे काम जाण्याचा वऱ्हाडचा अनुभव नवा नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६७ पर्यंत लोहमार्ग भुसावळहून अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोचला. त्या गाड्या जाताना कापूस नेत आणि येताना लँकेशायरचे सूत आणि कापड आणीत. गावोगावचे साळी, कोष्टी, सूत कातणाऱ्या बायका यांचे काम त्या गाड्यांनी नेले. विणकर मागे पडतील आणि त्यांचे हात कापूस पिकविण्याकडे वळतील, ही अपेक्षा तेव्हाचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांच्या लिखाणात स्पष्ट दिसते. ज्यांचे माग बंद पडले त्यांना कोणी काही देऊ केले नाही. उलट १८९६ साली भारतीय गिरण्यांच्या कापडावरच साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसविले गेले, कारण लँकेशायरच्या मालकांना स्पर्धा नको होती. तो कर पुढे तीस वर्षे चालला. परक्या राज्यकर्त्यांकडून याहून वेगळी अपेक्षा कोणी केली नसेल. परंतु स्वराज्यातही अधिसूचनेतली ती ओळ कोरीच राहावी, हे दुःखद आहे.

याच इतिहासातला एक प्रसंग कामगार चळवळीने विसरता कामा नये. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले. भारतातील परदेशी कापडाच्या बहिष्काराने आणि जागतिक मंदीने तेथल्या गिरण्या बंद पडत होत्या, हजारो कामगार बेकार होते. ज्याच्या चळवळीने काम गेले तोच माणूस समोर उभा होता, आणि त्या कामगारांनी त्याचे स्वागत केले. गांधीजींनी त्यांचे दुःख नाकारले नाही. पण त्यांनी त्यांना एवढे सांगितले की, इंग्लंडच्या बेकाराला सरकारकडून जो भत्ता मिळतो, तो भारतातल्या गरिबाच्या मिळकतीच्या कितीतरी पट आहे. ब्रिटिश कामगारांसाठी बेकारी विम्याचा पाया १९११ च्या कायद्याने घातला गेला होता. म्हणजे ज्या देशाने वऱ्हाडच्या विणकराला हात हलवीत घरी पाठविले, त्या देशाने स्वतःच्या विणकराला मात्र उपाशी सोडले नव्हते. आज त्या प्रसंगाला नव्वदहून अधिक वर्षे लोटली. भारतातला संघटित कामगार काही प्रमाणात विम्याच्या छत्राखाली आला. जिनातला आणि मागावरचा कामगार मात्र १९३१ साली होता तेथेच राहिला आहे.

स्वतंत्र भारताने विस्थापित गिरणी कामगारासाठी काहीच केले नाही, असे मात्र नाही. जे केले ते कसे केले, याचा हिशेब मांडणे उपयोगी ठरेल. १९७४ साली १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत अकोल्याची सावतराम मिल, अचलपूरची विदर्भ मिल आणि नागपूरची मॉडेल मिल होती. गिरणी चालविणे हेच तेव्हा कामगाराचे पुनर्वसन मानले गेले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वस्त्रोद्योगाचे चित्र पालटले. ६ जून १९८५ ला नवे वस्त्रोद्योग धोरण जाहीर झाले. ज्या गिरण्या तगू शकत नाहीत त्या बंद होऊ द्याव्यात, हे सरकारने प्रथमच उघडपणे मान्य केले. त्याला जोड म्हणून १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आली. गिरणी कायमची बंद झाली तर कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या पंचाहत्तर टक्के, दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंचवीस टक्के रक्कम मिळावयाची होती. तत्त्व म्हणून ही योजना मोलाची होती. धोरण बदलले तर त्याची किंमत एकट्या कामगाराने मोजू नये, ही कबुली तिच्यात होती.

पण अटी वाचल्या की योजनेचा जीव कळतो. गिरणी खाजगी हवी. म्हणजे राष्ट्रीयीकृत गिरणीचा कामगार बाहेर. ती लघुउद्योगात मोडणारी नको. म्हणजे छोट्या कारखान्यातला बाहेर. सेवा सलग पाच वर्षांची हवी. म्हणजे बदली आणि कंत्राटी कामगार बाहेर. वेतन प्रारंभी महिना अडीच हजारांच्या आत हवे. आणि सर्वांत कठीण अट ही की, गिरणी बंद करण्याची सरकारी परवानगी तरी झालेली असावी, नाहीतर न्यायालयाने अवसायक तरी नेमलेला असावा. गिरणीचा भोंगा एके दिवशी वाजत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ती मरायला वर्षे लागतात. मालक परवानगी मागत नाही, कारण मागितली तर देणी द्यावी लागतात. प्रकरण न्यायालयात पडून राहते. मृत्यूचा दाखला हाती येईपर्यंत कामगाराने काय खावे, हे योजनेत सांगितलेले नव्हते. शेवटी १ एप्रिल २०१७ पासून ही योजना राज्य विम्याखालील राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन करण्यात आली. ती योजना, आणि २०१८ साली आलेली अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना, या दोन्ही विमाधारकांसाठी आहेत. ज्याचा विमाच काढला जात नाही त्याला त्यांचा उपयोग शून्य.

१९९१ नंतर दार खऱ्या अर्थाने उघडले. १ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले. १ जानेवारी २००५ ला जगातील कापड व्यापाराची कोटापद्धती संपली. या बदलांची चाहूल असल्यामुळेच ३ फेब्रुवारी १९९२ ला राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला होता. कामगारांना नवे कौशल्य शिकवावे, नव्या रोजगाराला लावावे, हा त्याचा घोषित हेतू. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यात गेला. कामगाराला कामावर परत आणण्यासाठी म्हणून उभारलेला निधी त्याला कामावरून घालविण्याच्या कामी आला, आणि काही वर्षांत तो निधीही राहिला नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ साली सरकारने ताब्यात घेतली आणि २००२ साली ती बंद झाली.

अचलपूरचे उदाहरण तर अगदी शेजारचे. मुंबईची फिनले मिल अचलपुरात आणली गेली. ज्या गावात विदर्भ मिल बंद पडली होती तेथे नवी यंत्रे फिरू लागली आणि लोकांना वाटले की गेलेले दिवस परत आले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २३ गिरण्या थांबल्या, त्यांत ही होती. त्यानंतरची वर्षे कामगारांनी अपुऱ्या वेतनावर आणि आंदोलनात काढली. गिरणी चालू नाही म्हणून पूर्ण पगार नाही. ती बंद झाल्याचे जाहीर नाही म्हणून बंदीची भरपाई नाही. याच जिल्ह्यात नांदगाव पेठ येथे ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. नव्या उद्योगाचे स्वागतच आहे. परंतु पन्नास मैलांच्या आत एक तयार गिरणी आणि तिचे तयार कामगार उभे असताना, त्यांना नव्या कामावर पहिला हक्क देणारी तरतूद का असू नये, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार अचलपूरला आहे.

आता कायद्याच्या दुसऱ्या दालनात डोकवावे. परदेशी माल पडेल भावाने येऊन देशी उद्योगाला इजा करीत असेल तर १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याखाली सरकार त्यावर जादा शुल्क बसवू शकते. त्यासाठी उत्पादकाने अर्ज करायचा, चौकशी व्हायची, इजा सिद्ध व्हायची. इजा मोजण्याच्या नियमांत नफा, उत्पादन, विक्री यांबरोबर रोजगार आणि वेतन हेही निकष लिहिलेले आहेत. म्हणजे कामगाराची बेकारी ही कारखानदाराच्या अर्जात पुरावा म्हणून चालते. पण शुल्क बसले की संरक्षण कारखानदाराला आणि जमा झालेला पैसा सरकारी तिजोरीला. ज्याच्या बेकारीवर अर्ज मंजूर झाला त्याला त्यातला छदामही मिळावा, अशी तरतूद नाही. पुरावा कामगाराचा आणि निवाडा मालकाचा, अशी ही व्यवस्था आहे.

जगात याहून वेगळे काही घडले आहे काय? अमेरिकेने १९६२ साली व्यापारविस्ताराचा कायदा करताना, आयातीमुळे काम गेलेल्या कामगारांना साहाय्य देण्याची तरतूद त्याच कायद्यात केली. दार उघडणारा कायदा आणि भरपाईचा कायदा एकच असावा, हे त्यातले ग्राह्य तत्त्व. परंतु काम जाण्याचे मुख्य कारण आयात हेच होते, आणि ती आयात शुल्ककपातीमुळेच वाढली, हे दोन्ही कामगारांनी सिद्ध करावे, अशी अट घातली गेली. परिणाम असा झाला की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ साली अटी सैल केल्या तेव्हा कोठे लाखोंना लाभ मिळाला. आणि एवढे होऊनही, मुदत वाढवून न मिळाल्यामुळे १ जुलै २०२२ पासून तेथे नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले. संसदेच्या मर्जीवर जगणारे साहाय्य मर्जी फिरली की संपते.

यावरून दोन धडे निघतात. पहिला: भरपाईचे कलम निर्णयाबरोबरच हवे, मागाहून येणारी योजना दहा वर्षे उशिरा येते. दुसरा: बेकारीचे कारण सिद्ध करण्याचे ओझे बेकारावर टाकता कामा नये. जिनातल्या बाईचे काम ब्राझीलच्या गाठीने गेले, नव्या यंत्राने गेले की बोंडअळीने गेले, हे अर्थशास्त्रज्ञांनाही सांगता येत नाही. ते तिने सांगावे, आणि तेही कागदपत्रांनिशी, ही मागणी म्हणजे साहाय्य न देण्याची सभ्य रीत आहे.

हे दोन्ही धडे शिकण्यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही. कारण महाराष्ट्राने स्वतःच एकदा हे करून दाखविले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या पुरस्काराने रोजगार हमीची योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या मजुराला ‘तू बेकार का झालास’ असे त्या कायद्याने विचारले नाही. पाऊस पडला नाही म्हणून, की जमीन गहाण पडली म्हणून, याची चौकशी त्यात नव्हती. काम मागणे हाच हक्काचा पुरावा होता. आणि त्याचा पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. शहरांतील पगारदारांच्या वेतनातून, ज्यांत गिरण्या-कारखान्यांतील कामगारही आले, तो कापला गेला आणि खेड्यातल्या मजुराच्या हमीसाठी वापरला गेला. मुंबईच्या आणि नागपूरच्या कामगाराने वऱ्हाडातल्या मजुराच्या खडीसाठी, नालाबंडिंगसाठी, पाझर तलावासाठी आपल्या पगारातून पैसे मोजले. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

हिवरखेडच्या शेतकऱ्याने आणि मजुराने हे ऋण ध्यानात घ्यावे. कारण आज त्याला असे सांगितले जाते की, गिरणी कामगाराचे हित स्वस्त कापसात आहे आणि शेतकऱ्याचे हित महाग कापसात. तेव्हा दोघांचे जमणे शक्य नाही. स्वस्त कापसाची बचत कामगाराच्या पाकिटात गेली असती तर या म्हणण्यात तथ्य असते. शुल्कमाफीचा अकरा टक्क्यांचा लाभ गिरणीच्या हिशेबवहीत जमा होतो. तो वेतनात उतरावा किंवा एकही कामगार कमी करू नये, अशी अट त्या माफीला नव्हती. शेतकऱ्याच्या भावातून कापले गेलेले पैसे कामगारापर्यंत पोचलेच नाहीत, तर कामगाराशी भांडण कसले?

मग त्या राहून गेलेल्या कलमात काय असावे? कोणत्याही मालावरील आयात शुल्क कमी करताना किंवा माफ करताना, त्यामुळे कोणत्या जिल्ह्यांतील कोणत्या कामांवर परिणाम होईल याचे निवेदन सरकारने अधिसूचनेसोबतच प्रसिद्ध करावे. शुल्कमाफीने ज्या उद्योगाची बचत होते, त्याने त्या बचतीचा एक ठरावीक हिस्सा श्रमिक निधीत भरावा. आणि पडेल भावाच्या आयातीवर बसविलेल्या जादा शुल्काचाही एक वाटा त्याच निधीत जावा. हंगामी कामगाराला २४० दिवसांच्या अटीतून मुक्त करून, दोन हंगाम काम केल्याची नोंद हा त्याचा हक्क मानावा. साहाय्य काम थांबल्याच्या पहिल्या महिन्यापासून सुरू व्हावे. परवानगी आणि अवसायक यांची वाट त्याने पाहू नये. आणि भत्त्याबरोबर काम मिळण्याची हमी असावी, कारण भत्त्यावर आयुष्य काढण्याची इच्छा कोणाही श्रमिकाची नसते.

पैसा कोठून येणार, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर वरच्या दुसऱ्या मागणीत आहे: निर्णयाने ज्याचा फायदा होतो त्याच्याकडून. खोटे लाभार्थी शिरतील, असाही आक्षेप येईल. ते रोजगार हमीतही शिरले, आणि हजेरीपटाची तपासणी मजुरांच्या संघटनांनीच मागितली. योजना बंद करण्याची मागणी त्यांनी केली नाही. तिसरा आक्षेप असा की, स्पर्धेत जो टिकत नाही त्याने बाजूला व्हावे हाच बाजाराचा नियम आहे. पण शुल्क बसविणे आणि उठविणे हे काम बाजार करीत नाही, सरकार करते. सरकारच्या सहीने ज्याचे काम गेले, त्याचा प्रश्न बाजारावर सोडून देता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांचे वेतन देण्याची तरतूद आहे. पंधरा दिवसांत कोणता धंदा शिकता येतो, हे संहिता लिहिणाऱ्यांनी सांगितलेले बरे.

मित्रहो, ही मागणी दिल्लीला करावयाची असली तरी तिचे पहिले काम हिवरखेडातच आहे. जिनातला कामगार कायद्याला दिसत नाही, कारण त्याच्या नावाचा कागद नाही. तेव्हा येत्या हंगामात प्रत्येक जिनातल्या प्रत्येक कामगाराच्या, विशेषतः बायांच्या, हाती हजेरीचे कार्ड पडले पाहिजे. त्यावर नाव, कामाचे दिवस आणि मजुरी लिहिलेली असावी, आणि मालकाची सही असावी. हंगाम किती दिवस चालला, मागच्यापेक्षा किती दिवस कमी चालला, याची नोंद गावाने ठेवावी. अकोट, तेल्हारा, अकोला, अचलपूर येथून अशा नोंदी जमल्या तर पुढची अधिसूचना निघेल त्या दिवशी सरकारपुढे ठेवायला काही हाती असेल. शेतकरी संघटनांनी कापसाच्या भावासाठी निवेदन देताना त्यात जिनातल्या कामगाराच्या भरपाईची मागणी लिहावी. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात हमीभावाच्या खरेदीची मागणी लिहावी. हे सोपे नाही, कारण मजुरीच्या दरावरून त्यांचे आपापसांतही भांडण आहे. ते भांडण बोलून मिटविता येईल. परंतु एकाचे नुकसान दुसऱ्याच्या नावावर टाकून दोघांनाही गप्प बसविण्याचा जो प्रकार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, तो पुन्हा होऊ द्यायचा नसेल, तर कार्डाचे हे काम दसऱ्याच्या आत सुरू झाले पाहिजे.